पहिलाच आकाराचा केक करताय? कासवापासून सुरुवात करा

वाढदिवस जवळ आला की मुलं केकची फर्माईश करतात. कुणाला गाडी हवी असते, कुणाला हत्ती, कुणाला मान वर करून उभा राहिलेला डायनासोर. आपणही हौसेनं हो म्हणतो, आणि रात्री फोटो बघायला बसलो की पोटात गोळा येतो. हा लेख त्या होकारानंतरच्या चार दिवसांसाठी आहे. तुम्हाला साधा केक भाजता येतो, पण त्याला कापून आकार कधी दिलेला नाही, असं मी धरून चालले आहे.

नवशिक्यांचा सगळा जीव सजावटीत अडकलेला असतो. रंग कोणते, नोझल कुठलं, डोळे कसे करायचे. पण माझा अनुभव असा, की केक पुरेसा थंड असेल आणि बाहेरची रेषा सुरीनं नीट निघाली असेल, तर साध्या हातानं लावलेलं क्रीमही छान दिसतं. ती रेषा चुकली असेल, तर वर कितीही फुलं काढा, मूल विचारणारच, "हे काय आहे?"

आकार कसा निवडायचा

मनातल्या मनात त्या वस्तूची सावली भिंतीवर पाडून बघा. नुसत्या सावलीवरून ओळखू आली, तर तो आकार पहिल्या केकला चालेल. मासा, फुलपाखरू, आगगाडी, साप, कासव हे सगळे सावलीत ओळखू येतात. मांजर आणि कुत्रा मात्र चेहऱ्यावरच्या भावानं ओळखायचे असतात, आणि तो भाव आणायला हात बसलेला लागतो. कार्टूनमधली पात्रं तर पहिल्या खेपेला टाळाच. मुलांना त्यांच्या भुवया कुठे असतात तेसुद्धा पाठ असतं.

दुसरं, आकार बसका हवा. केकवर केक रचत चार इंचांच्या वर गेलात, की आतून काड्यांचा आधार आणि मध्ये पुठ्ठा द्यावा लागतो. ते शिकायचंच आहे, पण पुढे.

अगदी कमी वेळ असेल तर दोन सोपे आकार सांगते. गोल केकमधून तोंडाच्या जागी त्रिकोणी फोड काढा आणि तीच उलटी करून मागे लावा, की मासा झाला. गोल केकचे मधोमध दोन भाग करा, गोलाई असलेल्या बाजू एकमेकींना टेकवा आणि सरळ कडा बाहेर येऊ द्या, की फुलपाखरू झालं. दोन्हींत काहीच वाया जात नाही. कृतीत ८ इंची चौकोनी टिन सांगितलं असेल आणि तुमच्याकडे गोल असेल, तर ९ इंची घ्या. दोघांचं क्षेत्रफळ जवळपास सारखंच असतं.

मी मात्र पहिल्या केकसाठी कासव सुचवते. ते जमिनीला टेकलेलं असतं, त्यामुळे पडायची भीती नाही. पाठ गोल असते, म्हणजे ती बाऊलमध्ये भाजता येते. आणि खरं कासव खडबडीतच असतं, त्यामुळे क्रीमवर उमटलेला हाताचा ठसा खटकत नाही.

काय काय लागेल

ओव्हनमध्ये चालणारा, साधारण २० सेंटिमीटर तोंडाचा, दोनेक लिटरचा बाऊल. लांब, दातेरी सुरी. पॅलेट नाइफ, म्हणजे क्रीम पसरायची लांब, बोथट सुरी. केकपेक्षा चारी बाजूंनी किमान दोन-तीन इंच मोठा, जाड केक बोर्ड. बटर पेपर, क्लिंग फिल्म, दोन पायपिंग बॅगा (क्रीम दाबून काढायच्या पिशव्या) आणि एक लहान चांदणीचं नोझल. रंग जेलचेच घ्या. पातळ रंगानं क्रीम सैल पडतं आणि गडद छटा येतच नाही. फिरतं टेबल असेल तर उत्तम, नसेल तर बोर्डखाली उलटी ताटली ठेवून काम भागतं.

केकसाठी बटर, साखर आणि मैदा प्रत्येकी ३०० ग्रॅम, सहा अंडी, दोन सपाट टीस्पून बेकिंग पावडर, व्हॅनिला आणि लागलं तर दोन-तीन चमचे दूध. हा केक जरा घट्ट असतो, आणि आपल्याला तसाच हवा आहे. हलका, फुललेला स्पंज सुरी लावली की भुगा होतो. बिनअंड्याचा करणार असाल तरी चालेल, फक्त तो जास्त ठिसूळ असतो, म्हणून जास्त वेळ गार करा आणि सुरी हलक्या हातानं चालवा.

बटरक्रीमसाठी ३०० ग्रॅम बिनमिठाचं बटर आणि ६०० ग्रॅम आयसिंग शुगर. प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे, बटरच्या दुप्पट साखर. आधी नुसतं बटर पाच मिनिटं फेटा. ते पिवळ्याचं पांढरट झालं पाहिजे. मग चाळलेली साखर थोडी थोडी घाला, शेवटी दोन चमचे दूध. हवा फार गरम असेल तर अर्ध्या बटरऐवजी बेकिंगचं वनस्पती फॅट वापरा. चव थोडी उतरते, पण क्रीम ओघळत नाही.

याशिवाय ३०० ग्रॅम फॉन्डंट, म्हणजे कणकेसारखा लाटता येणारा साखरेचा गोळा.

तीन दिवस आधी: पाठीवरचे तुकडे

सुरुवात केकपासून नाही, पाठीवरच्या तुकड्यांपासून करायची, कारण त्यांना सुकायला वेळ लागतो. आणि त्यांच्यासाठी आपल्याला तोच बाऊल लागणार आहे.

कासवाच्या पाठीकडे कधी नीट निरखून बघितलंय का? तिथली षटकोनी नक्षी वाटेल तशी पसरलेली नसते. बहुतेक कासवांच्या पाठीवर मधोमध एका ओळीत पाच मोठे खवले असतात, त्यांच्या दोन्ही बाजूंना चार-चार, म्हणजे एकूण तेरा. आणि कडेनं लहान लहान खवल्यांची किनार. मधल्या पाच खवल्यांमध्ये चार फटी येतात, आणि बाजूचे चार खवले बरोबर त्या फटींसमोर बसतात. एवढं एक जमलं, की केक लांबूनही कासवाचाच वाटतो. मी पूर्वी सगळीकडे सारखेच षटकोन चिकटवायचे, आणि ते फुटबॉलसारखं दिसायचं.

बाऊल पालथा घाला आणि त्यावर क्लिंग फिल्म लावा. आधी कागदाचे तुकडे कापून मांडून बघा. मधले साधारण पाच सेंटिमीटरचे, बाजूचे जरा मोठे आणि खालच्या अंगाला लांबट. सगळ्यांमध्ये अर्ध्या सेंटिमीटरची फट हवी. कागद मनासारखा बसला की तोच साचा.

डोळ्यांपुरता पांढरा फॉन्डंट बाजूला ठेवा आणि बाकीच्याला तपकिरी रंग मळून घ्या. अर्धा टीस्पून सीएमसी पावडर (फॉन्डंट घट्ट करणारी, खाण्यायोग्य डिंकासारखी पूड) मळली तर तुकडे लवकर कडक होतात. ओट्यावर कॉर्नफ्लोअर भुरभुरून ३ मिलिमीटर जाड लाटा, साचा ठेवून कापा, आणि तुकडे त्या पालथ्या बाऊलवरच सुकायला ठेवा. सपाट ताटात सुकवलेले तुकडे गोल पाठीवर बसत नाहीत, त्यांच्या कडा उचललेल्या राहतात. बाऊलवर सुकले की बाक आपोआप येतो. उरलेला फॉन्डंट लगेच क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळा, उघडा राहिला तर पाच-दहा मिनिटांत त्याला पापुद्रा धरतो.

दुसऱ्या दिवशी बाऊल भाजायला लागणार, म्हणून थोडे कडक झालेले तुकडे अलगद सोडवून तेवढ्याच गोलाईच्या दुसऱ्या भांड्यावर ठेवा. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका. बाहेर काढल्यावर त्यांना घाम फुटतो आणि ते चिकट होतात.

दोन दिवस आधी: भाजणे

बाऊलला आतून बटर लावा, तळाशी बटर पेपरचा लहान गोल ठेवा आणि मैदा भुरभुरवून झटका. ओव्हन १६० अंशांवर तापू द्या. नेहमीच्या १८० वर भाजलं तर कडा काळी पडेपर्यंत मधला भाग कच्चाच राहतो, कारण बाऊलमध्ये मिश्रण मधोमध खूप खोल असतं.

मिश्रणातलं सहा कपकेकपुरतं बाजूला काढा आणि बाकीचं बाऊलमध्ये ओता. बाऊल निम्म्याहून थोडा अधिक भरेल. याला एक तास दहा मिनिटं ते दीड तास लागतो. ओव्हनप्रमाणे फरक पडतो, म्हणून घड्याळापेक्षा काडीवर विश्वास ठेवा. लांब काडी अगदी मध्यापर्यंत घालायची आणि ती कोरडी निघाली पाहिजे. वरून लवकर लाल झाला तर पाऊण तासानंतर फॉइल झाका. बाऊल निघाला की कपकेक भाजा, साधारण वीस-पंचवीस मिनिटं. थांबलेल्या मिश्रणाचे कपकेक थोडे कमी फुगतात, पण त्यांचे आपल्याला पायच करायचे आहेत.

केक बाऊलमध्ये पंधरा मिनिटं राहू द्या, मग जाळीवर उलटा करा. पूर्ण गार झाला की क्लिंग फिल्ममध्ये घट्ट गुंडाळून रात्रभर फ्रिजमध्ये. ही रात्र वगळू नका. ताज्या केकला सुरी लावली की कापला जाण्याऐवजी तो फाटतो, आणि मग माणूस स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. दोष हाताचा नसतो, घाईचा असतो.

आदल्या दिवशी: कापणे आणि लिंपणे

सकाळी १०० ग्रॅम साखर आणि १०० मिलिलिटर पाणी उकळून पाक करा आणि गार होऊ द्या. आकाराचा केक दोन-तीन दिवस हाताळला जातो, त्यामुळे तो कोरडा पडतो. पाकानं ओलावा टिकतो.

भाजताना वर फुगलेला भाग सपाट कापा, ते कासवाचं पोट. आता केकच्या कडेवर वरपासून खालपर्यंत सुरीनं एक उभी खूण करा आणि मगच आडवे तीन थर कापा. परत रचताना ती खूण एका रेषेत आली की केक मूळच्यासारखा बसतो. प्रत्येक थराला ब्रशनं पाक लावा आणि वर अर्धा सेंटिमीटर क्रीम. त्याहून जाड नको, वरचे थर घसरतात. जॅम घालायचा असेल तर कडेनं क्रीमचं रिंगण काढून आत पातळसा पसरा. रचलेला केक तासभर फ्रिजमध्ये.

आता कापायचं. वरून बघितलं तर कासव गोल नसतं, लांबट असतं. म्हणून दोन्ही बाजूंनी दीड-दोन सेंटिमीटर छाटायचं. सुरी दाबू नका, करवतीसारखी मागेपुढे चालवा आणि एका वेळी अगदी पातळ चकती काढा. दोन चकत्या काढल्या की सुरी खाली ठेवा, चार पावलं मागे जा आणि बघा. जवळून सगळंच बरोबर वाटतं, वाकडेपणा लांबून दिसतो. जास्त कापलं गेलं तर घाबरू नका, डागडुजी होते.

ती होते छाटणातून. सगळा चुरा एका भांड्यात घ्या, एक-दोन चमचे क्रीम घाला आणि मळा. मुठीत दाबल्यावर गोळा धरला पाहिजे, पण हाताला चिकटता कामा नये. हा गोळा म्हणजे तुमची माती. खड्डे यानं भरा. यातूनच मोठ्या लिंबाहून जरा मोठं, अंडाकृती डोकं करा आणि टोकदार शेपूट. दोन्ही फ्रिजमध्ये. चुरा कमी पडला तर सहावा कपकेक कुस्करा.

केक बोर्डवर क्रीमचा ठिपका लावून कासवाचं धड बसवा, थोडं मागच्या बाजूला, कारण पुढे डोकं यायचंय. चार कपकेकचे कागद काढा, धडाला लागणारी बाजू तिरकी कापा आणि पाय म्हणून टेकवा. पाचवा कपकेक पुढे, मानेच्या जागी. डोकं या कपकेकवर बसवायचं.

इथे एक अनुभव सांगते. मी पहिल्यांदा डोकं नुसत्या काड्यांनी धडाला खोचलं होतं, हवेत पुढे आलेलं. घरी अगदी जिवंत वाटत होतं. गाडीतून नेताना प्रत्येक खड्ड्याला ते थोडं थोडं खाली झुकत गेलं, आणि पोचलो तेव्हा छातीचं क्रीम घेऊन बोर्डवर पडलं होतं. ज्या मुलीचा वाढदिवस होता ती दारातच उभी होती. तेव्हापासून माझा नियम एकच: ज्याला वजन आहे, ते बोर्डवर टेकलंच पाहिजे. डोक्याला आधार म्हणून कच्ची स्पॅगेटी खोचा, दोन काड्या पुरतात. टूथपिक मुलांच्या केकमध्ये नको. ती कुणाच्या घासात जाईल सांगता येत नाही, आणि स्पॅगेटी चुकून तोंडात आली तरी टूथपिकसारखी टोचत नाही.

मग पहिला, पातळ थर. याला क्रम्ब कोट म्हणतात. क्रीम इतकं कमी लावायचं की खालचा केक दिसत राहील. त्याचं काम एकच, सुटलेले कण जागच्या जागी धरून ठेवायचं. यासाठी क्रीम वेगळ्या वाटीत काढून घ्या आणि कण लागलेली सुरी मुख्य भांड्यात कधीही बुडवू नका. एकदा कण गेले की सगळं क्रीम ठिपकेदार होतं. अर्धा तास फ्रिजमध्ये. बोट टेकवल्यावर क्रीम चिकटलं नाही की पुढे जा.

रंगाचं क्रीम एकदाच आणि लागेल त्याहून थोडं जास्त कालवा. कमी पडल्यावर तीच छटा परत जुळत नाही. पाठीला फिकट तपकिरी, पायांना आणि डोक्याला हिरवा. हिरव्यात तपकिरीचा एक ठिपका घाला, नुसता हिरवा प्लॅस्टिकसारखा दिसतो. बटरक्रीममध्ये रंग काही तासांत आणखी गडद होतो, म्हणून हवाय त्याहून एक पायरी फिकट असतानाच थांबा. पुढे कधी निळा केक करायचा झाला तर ध्यानात ठेवा, बटरच्या पिवळेपणामुळे निळा हिरवट होतो. बटर खूप वेळ फेटून पांढरं केलं आणि टाचणीच्या टोकाएवढा जांभळा घातला की तो सावरतो.

पाठीवर क्रीम भरपूर लावा आणि मग काढत या. गोल पाठ गुळगुळीत करायला पॅलेट नाइफ कामाचा नाही. प्लॅस्टिकच्या स्वच्छ, नव्या फाइलची हातभर पट्टी कापा, ती पाठीच्या बाकानुसार वाकवा आणि वरून खाली एका दमात ओढा. दर वेळी पट्टी पुसायची. चार-पाच ओढींत पाठ तुळतुळीत होते.

पायांना आणि डोक्याला चांदणीच्या नोझलनं ठिपके द्या. पायपिंगची मेख दाबण्यापेक्षा थांबण्यात आहे. बॅग सरळ धरा, दाबा, दाब पूर्ण सोडा, आणि त्यानंतरच उचला. दाबता दाबता उचललं की प्रत्येक ठिपक्याला शेपटी येते. आधी बटर पेपरवर वीसएक ठिपके काढा. ते क्रीम परत बॅगेत भरता येतं, त्यामुळे सरावाला कंजुषी नको. शेवटी धड जिथे बोर्डला टेकतं तिथे तपकिरी क्रीमच्या जाड ठिपक्यांची किनार काढा. कडेचे लहान खवले होतात आणि खालची सांधही झाकली जाते. केक रात्रभर फ्रिजमध्ये.

वाढदिवसाच्या दिवशी

केक बाहेर काढा, वर ओल दिसली तर हात न लावता ती सुकू द्या. मग फॉन्डंटचे तेरा खवले मागे क्रीमचा ठिपका लावून बसवा. आधी मधोमध तिसरा, मग त्याच्या पुढचे-मागचे, शेवटी बाजूचे. टोकापासून सुरुवात केली तर शेवटच्याला जागा उरत नाही.

डोळ्यांसाठी घाई करू नका. फॉन्डंटच्या दोन पांढऱ्या चकत्या, त्यावर काळा गोल, त्यावर पांढरा ठिपका. हा शेवटचा ठिपका दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला हवा, त्यानंच जीव येतो. आधी दोन चॉकलेट चिप्स ठेवून जागा ठरवा. डोळे खाली आणि एकमेकांपासून लांब ठेवले की पिल्लू दिसतं, वर आणि जवळ ठेवले की म्हातारं आणि रागीट.

चमकी लावणार असाल तर डबीवर खाण्यायोग्य असं स्पष्ट लिहिलेलं आहे का बघा. नुसतं बिनविषारी लिहिलं असेल तर ती सजावटीची वस्तू आहे, खायची नाही. लहान मुलं असतील तर कडक साखरेचे मणी आणि गोळ्या टाळा, घशात अडकतात. बागेतली फुलंही सहज म्हणून लावू नका, दिसायला साधी असणारी कितीतरी विषारी असतात.

न्यायचा असेल तर केक थंड असतानाच न्या. गाडीत सीटवर किंवा मांडीवर नको, दोन्ही उतरते असतात. पायाशी किंवा डिकीत सपाट जागी, खाली न सरकणारी रबरी चटई टाकून ठेवा. हिरवं आणि तपकिरी क्रीम थोडं थोडं डब्यात आणि एक पॅलेट नाइफ बरोबर असू द्या.

कापण्याच्या तासभर आधी केक बाहेर हवा, गार बटरक्रीम तोंडात दगडासारखं लागतं. काड्या कुठे खोचल्या आहेत ते कापणाऱ्याला सांगा. सुरी शेपटीकडून लावा आणि पाठीच्या आडव्या फोडी काढत पुढे या, म्हणजे डोकं शेवटपर्यंत राहतं आणि मुलांना बघायला मिळतं. ते डोकं बहुधा वाढदिवसवाल्यालाच हवं असतं. आतली स्पॅगेटी ओढून काढा आणि मग त्याच्या हातात द्या.